चुकलेली शाखा आणि वाया जाणारे वर्ष

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत पुढचे काही दिवस दुसरा विषय नसतो. पोराला सायन्सला घालायचे, कॉमर्सला की सरळ डिप्लोमाला? मग मार्गदर्शन शिबिरे भरतात, 'आवड ओळखा, कल ओळखा' अशी भाषणे होतात, टक्केवारीचा तक्ता समोर धरून निर्णय उरकला जातो. शिबिरे वाईट नाहीत. पण त्यांचा सगळा भर निवड अचूक करण्यावर असतो. ज्या मुलाने अकाउंटन्सीचे पुस्तक कधी उघडलेले नाही, ज्याने फिजिक्स आणि केमिस्ट्री वेगवेगळे विषय म्हणून पाहिलेले नाहीत, आणि ज्या भाषेत आता सगळे शिकायचे आहे त्या भाषेत एकही धडा गिरवलेला नाही, त्याने सोळाव्या वर्षी अचूक निवड करावी ही अपेक्षाच अवास्तव आहे. काहींची निवड चुकणारच. खरा प्रश्न चुकल्यावर भुर्दंड किती बसतो हा आहे. आज तो एका अख्ख्या वर्षाचा आहे, आणि तो तेवढा असण्याचे काही कारण नाही.

आधी रचना पाहू. दहावीनंतरच्या पीयूसीला (फर्स्ट पीयू म्हणजे अकरावी, सेकंड पीयू म्हणजे बारावी) सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. त्यातल्या दोन भाषा: इंग्रजी, आणि दुसरी मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत, उर्दू अशांपैकी कॉलेजात शिकवली जात असेल ती. उरलेल्या चार विषयांचे मिळून 'कॉम्बिनेशन' होते. सायन्सला पीसीएमबी किंवा पीसीएमसी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांच्या जोडीला बायॉलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्स. कॉमर्सला हेबा, म्हणजे हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. हिस्ट्रीच्या जागी स्टॅटिस्टिक्स आले की सेबा. आर्ट्सला हेप्स: हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स, सोशिऑलॉजी. कुठल्या कॉलेजात कुठले कॉम्बिनेशन मिळेल हे तिथल्या शिक्षकांवर ठरते, मुलाच्या आवडीवर नाही.

बदलायचे झाले तर काय होते? वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, जागा शिल्लक असेल आणि प्राचार्य राजी असतील, तर कॉम्बिनेशन बदलून मिळते. प्रवेशांना खात्याची मंजुरी मिळून मुलाचे नाव त्या कॉम्बिनेशनखाली नोंदले गेले की मात्र पीयू उपसंचालकांच्या कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे वेगळे असल्याने निपाणीच्या पालकाला चिक्कोडी गाठावी लागते, खानापूरच्या पालकाला बेळगाव. फर्स्ट पीयू संपल्यानंतर तर विषयच मिटतो. सेकंड पीयूला अकाउंटन्सी घ्यायची तर फर्स्ट पीयूची अकाउंटन्सी पास असायला हवी, आणि ती कधी शिकलेलीच नसते. म्हणून पुन्हा फर्स्ट पीयू, नव्या वर्गात, एक वर्षाने लहान मुलांबरोबर. बरीच मुले हा मार्ग घेत नाहीत. न झेपणारे सायन्स ती दोन वर्षे ओढतात, सेकंड पीयूला एक-दोन विषयांत अडकतात आणि मग बाहेर पडतात.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, आणि तोच सगळ्यात जड आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पीयूला मराठी माध्यम नाही. आर्ट्स-कॉमर्सला इंग्रजी किंवा कन्नड, सायन्स व्यवहारात इंग्रजीतूनच. एसएसएलसीत मराठी ही त्याची प्रथम भाषा, १२५ गुणांची. बाकी पाच विषय शंभर-शंभराचे, त्यात गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान मराठीतून. ६२५ पैकी साडेपाचशे मिळवलेला मुलगा जूनमध्ये फिजिक्सच्या तासाला बसतो. संवेग म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक असते, पण फळ्यावर 'मोमेंटम' लिहिले की तो ओळखत नाही. प्राध्यापकांना वाटते पोरगे कच्चे आहे. पोराला वाटते आपल्याला सायन्स जमणार नाही. दोघांचाही अंदाज चुकीचा असतो.

घसरण कशी होते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे, कारण बदलाची खिडकी नेमकी चुकीच्या वेळी बंद होते. जून-जुलैत मूल वहीत उतरवून घेते आणि समजले नाही तरी गप्प बसते. भाषेचा अडथळा कुठला आणि विषयाचा कुठला, हे या काळात कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या चाचणीत गुण कोसळतात. घरचे म्हणतात, सवय नाही, होईल. दसऱ्याच्या सुट्टीच्या आसपास सहामाही होते आणि तेव्हा पहिल्यांदा चित्र स्पष्ट दिसते: भाषा थोडी सरावाची झाली, तरी गणित सुटत नाही, किंवा उलट, फिजिक्स कळू लागले पण बायॉलॉजीच्या पाठांतरात जीव रमत नाही. म्हणजे निर्णय घेण्याजोगी माहिती ऑक्टोबरात हाती येते आणि बदलण्याची मुभा तोवर कधीच संपलेली असते. त्यात २०२४ पासून एसएसएलसीला एकाच वर्षात एकाहून अधिक परीक्षा होऊ लागल्या. नापास मुलांसाठी ही सोय चांगलीच, पण नंतरच्या परीक्षेतून पास होऊन येणारा मुलगा वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर कॉलेजात पाऊल टाकतो. त्याच्या वाट्याला विचार करायला आठवडासुद्धा येत नाही.

यावर आपल्याकडचा ठरलेला सल्ला असा: सायन्स घे, मागून कॉमर्स-आर्ट्सला जाता येते, उलटे जाता येत नाही. सल्ला खोटा नाही. सायन्स करून बारावी झालेल्याला बीकॉम, बीए, कायदा, सीए फाउंडेशन सगळे खुले असते, आणि हेप्सवाल्याला इंजिनिअरिंग बंद. पण ही दारे बारावी बऱ्या गुणांनी पास झालेल्यासाठी खुली असतात. कर्नाटकात इंजिनिअरिंगला पात्र व्हायला ठरलेल्या विषयांत सर्वसाधारण गटासाठी ४५ टक्के लागतात, आणि रँक निम्मा बारावीच्या गुणांवर, निम्मा सीईटीवर ठरतो. सीईटीत फर्स्ट पीयूचाही अभ्यासक्रम असतो. म्हणजे भाषेशी झगडण्यात गेलेले पहिले वर्ष दोनदा वसूल केले जाते. उघडी दारे मोजत सायन्सला गेलेला मुलगा ३८ टक्क्यांनी बाहेर आला, तर त्याच्यासाठी उघडे राहिलेले दार कुठले?

आणि दारांची खरी यादी फारच थोडे पालक पाहतात. बेळगाव तालुक्यातल्या आणि खानापूरच्या गावांत लष्करात जाणे ही जुनी रीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच. जनरल ड्यूटीचा अग्निवीर व्हायला दहावी पुरते. बारावीच्या वाटेने टेक्निकल अग्निवीर व्हायला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी लागते. क्लार्कच्या जागेला कुठलीही शाखा चालते, पण एकूण ६० टक्के हवेत आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा अकाउंट्समध्ये ५० टक्के हवेत. हेबा घेतलेला मुलगा इथे बसतो. हेप्स घेतलेला बसत नाही, कारण त्याच्याकडे गणितही नाही आणि अकाउंट्सही नाही. हे एक वाक्य जूनमध्ये कुणी सांगितले तर आर्ट्सच्या काही अर्जांवरचे कॉम्बिनेशन बदलेल. एनडीएतून भूदलात जायला कुठलीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेच. कॉमर्सला मिळणारे 'बेसिक मॅथ्स' म्हणजे सायन्सचे मॅथ्स नव्हे. ते घेऊन इंजिनिअरिंगची आशा ठेवू नये. पीसीएमसी घेतले म्हणजे वैद्यकीयचे दार कायमचे बंद, असे मात्र आता म्हणता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायॉलॉजी पास झालेल्यालाही वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देता येईल.

हा शेवटचा निर्णय बारकाईने पाहा. देशातल्या सगळ्यात कडक प्रवेशपरीक्षेने मान्य केले की राहिलेला एक विषय नंतर पास करता येतो, त्यासाठी बाकीचे विषय पुन्हा करायची गरज नाही. असेच दुसरे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला. एसएसएलसीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेशपरीक्षा, दिलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात येतो. त्याचे पहिल्या वर्षाचे गणित शिकायचे राहिलेले असते. विद्यापीठ त्याला पहिले वर्ष पुन्हा करायला लावत नाही. 'ॲडिशनल मॅथ्स'चे दोन जादा पेपर देते. क्रेडिट मिळत नाही, पण पास होणे सक्तीचे असते. दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगा किंवा सायन्सची बारावी झालेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. तांत्रिक शिक्षणात वाट बदलणाऱ्यासाठी जागोजागी असे सांधे आहेत. फक्त पीयूसीत, जिथे मुले सगळ्यात लहान आणि सगळ्यात गोंधळलेली असतात, तिथे एकही नाही.

तो सांधा घालायला नवे काही उभे करावे लागत नाही. फर्स्ट पीयूची पुरवणी परीक्षा आजही होते. तिच्यात नापास मुले राहिलेले विषय देतात. शाखा बदलू पाहणाऱ्यालाही तिथे बसू द्यावे. हिशेब मांडून पाहा. कुठलाही बदल केला तरी सहापैकी दोन भाषा तशाच राहतात. पीसीएमबीवरून पीसीएमसीला जायचे तर नवा पेपर एकच. हेप्सवरून हेबाला दोन: बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी, हिस्ट्री, इकॉनॉमिक्स झालेले असते. पीसीएमबीवरून हेबाला चार, आणि हा बदल खरोखर जड आहे. तरीही ज्याला ऑक्टोबरातच कळले, त्याला नोव्हेंबर ते मे एवढा वेळ हाताशी असतो. कॉमर्सकडून सायन्सकडे येणाऱ्याला ही वाट देऊ नये, असे माझे मत. प्रयोगशाळेचे एक वर्ष पुरवणी परीक्षेने भरून निघत नाही, आणि फर्स्ट पीयूच्या गणिताशिवाय सेकंड पीयूचे कॅल्क्युलस म्हणजे मुलाची फसवणूक.

अकाउंटन्सी हा यातला कळीचा विषय आहे. सायन्समधून आलेली मुले ती सोपी समजतात, आकडेमोडच तर आहे म्हणून. मग जर्नल नोंदींत अडखळतात. नावे आणि जमा कशाला म्हणायचे हे पक्के होण्याआधी ती ट्रायल बॅलन्सला, म्हणजे नावे-जमेच्या ताळ्याला, हात घालतात आणि तो ताळा जुळत नाही. शाखा बदलणाऱ्यांसाठी जोडवर्ग (ब्रिज कोर्स) घेतला, तर त्यात अकाउंटन्सीला निदान चाळीस तास द्यावे लागतील, त्यातले निम्मे नुसत्या नोंदी आणि खतावणीला. बिझनेस स्टडीज मुलाला स्वतः वाचून जमते. इकॉनॉमिक्सलाही सायन्सच्या मुलाला फार अडचण येत नाही.

कॉलेजांचा आक्षेप ऐकून घेण्यासारखा आहे. सायन्सच्या तुकडीतून ऑक्टोबरनंतर मुले गेली की प्रॅक्टिकलच्या बॅचेस विस्कटतात, विनाअनुदानित तुकडीचा फीचा हिशेब कोसळतो, कॉमर्सच्या वर्गात बाके कमी पडतात. पण मी सुचवतो आहे तो वर्षाच्या मध्ये वर्ग बदलण्याचा मार्ग नाही. मुलगा मार्चपर्यंत आहे त्याच वर्गात बसतो, आपली परीक्षा देतो, आणि नव्या विषयांचे पेपर उन्हाळ्यात देतो. सेकंड पीयूला काही जागा इकडच्या तिकडे होतील, एवढेच. आक्षेपाचे दुसरे कारण कुणी बोलून दाखवत नाही. नीट-जेईईच्या शिकवणीसह प्रवेश देणारी काही कॉलेजे दोन वर्षांची रक्कम जूनमध्येच भरून घेतात आणि परताव्याचे नाव काढत नाहीत. तिथे शाखा बदलणे म्हणजे पालकांच्या लाखभर रुपयांवर पाणी. फी वर्षाच्या हप्त्याने घ्यावी आणि ऑक्टोबरपर्यंत शाखा सोडणाऱ्याला शिकवणीचा उरलेला भाग परत करावा, हे खात्याने प्रवेशाच्या अटीतच घालायला हवे.

पण ऑक्टोबरातला निर्णय शहाणपणाचा व्हायचा तर तोवर भाषेचा अडथळा दूर व्हायला हवा, नाहीतर मुलगा विषयाला घाबरून नव्हे, शब्दांना घाबरून शाखा सोडेल. आणि हे काम जूनमध्ये सुरू करून भागत नाही, आठवीपासून करावे लागते. कर्नाटकाची विज्ञान-गणिताची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतात, आणि ती एकाच पुस्तकाची दोन रूपे असतात. धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणांचे क्रमांकही तेच. मराठी शाळेने आठवीपासून वर्गात इंग्रजी पुस्तकाच्या चार प्रती ठेवाव्यात. धडा मराठीतून शिकवून झाला की एक तास त्याच धड्याच्या इंग्रजी पानांवर: आकृतीतली नावे वाचायची, स्वाध्यायाचे प्रश्न इंग्रजीत वाचून उत्तर मराठीत द्यायचे. नववीत एका धड्याला वीसेक संज्ञा वहीत दोन्ही भाषांत. दहावीत, परीक्षेचा ताण असल्याने, फक्त गणिताची शाब्दिक उदाहरणे, कारण मराठी माध्यमाच्या मुलाचे गणित अडते ते बेरीज-वजाबाकीत नव्हे, 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' यांत. नंतर पीयू सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तके आहेत, तेव्हा ही सवय थेट कामी येते.

यावर आपल्याच माणसांचा विरोध होईल, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मराठी शाळांत इंग्रजी पुस्तके शिरली की मराठी माध्यम आतून पोखरले जाईल, असे त्यांना वाटते. सीमाभागात मराठी शाळा चालवणे म्हणजे काय, कन्नड सक्तीच्या काळात ती कशी टिकवली जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांची भीती समजते. पण पट कशाने घटतो आहे ते पाहा. गावोगाव पालक पहिलीतच इंग्रजी माध्यम निवडतात, आणि त्याचे कारण विचारले तर बहुतेक वेळा उत्तर एकच येते: पुढे पीयूला अडते. अकरावीच्या उंबऱ्यावर मूल ठेचकाळते म्हणून दहा वर्षे आधीच मराठी शाळा सोडली जाते. तो उंबरा उतरता केला तर मराठीतून दहावी करणे पुन्हा शहाणपणाचे ठरेल. कर्नाटकाच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात दोन वर्षे पूर्वप्राथमिक, आठ वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे माध्यमिक अशी रचना सुचवली आहे. नववी ते बारावी एका छताखाली आली, तर मराठीतून इंग्रजीकडे जाण्याला चार वर्षे मिळू शकतील. अंमलबजावणीच्या वेळी ही मागणी सीमाभागातून व्हायला हवी.

दुसऱ्या भाषेच्या निवडीबद्दल थोडक्यात. मराठी मिळत असेल आणि पुढे व्यावसायिक शिक्षणाचा विचार असेल तर मराठी घ्यावी. तिच्यावर कमी वेळ जातो, तो फिजिक्सला देता येतो. राज्य सरकारच्या नोकरीकडे डोळा असेल तर कन्नड सोडू नये. मात्र पीयूचे कन्नड तिसऱ्या भाषेच्या कन्नडाची पुढची पायरी नसते. प्रथम भाषा म्हणून शिकलेल्या मुलांच्या बरोबरीने वाचावे लागते.

राहिली सीमेपलीकडची वाट. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे, आणि तिथल्या देवचंद कॉलेजात निपाणीची मुले वर्षानुवर्षे जातात. २०२५-२६ पासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा केवळ जवळ आहे म्हणून आयत्या वेळी तिकडे जाणे आता होत नाही. मुदतीत नोंदणी हवी. तिकडे पुस्तके महाराष्ट्र मंडळाची. त्यामुळे अकरावी तिकडे आणि बारावी इकडे, असा विचार करूच नये. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी पात्रतेचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि कर्नाटकात दहावी-बारावी केलेल्यालाही तो लागू होतो. त्यासाठी पीयूला तिकडे जाण्याची गरज नाही. उलट बाजूने, कर्नाटक सीईटीच्या नेहमीच्या पात्रतेला इथले सात वर्षांचे शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथली लागते. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झालेल्याला १५ टक्के ग्रामीण आरक्षणाचाही विचार करता येतो, त्याला माध्यमाची अट नाही. दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिसही लागते. ती सीईटीच्या धावपळीत नव्हे, दहावीचा निकाल लागताच घ्यावी. कन्नड माध्यमाचे ५ टक्के आपल्या मुलांना मिळत नाहीत, पण ग्रामीणचे हक्काचे असूनही कित्येक जण कागदाअभावी सोडून देतात.

तोवर धोरण बदलण्याची वाट न पाहता पालकांनी प्रवेशाच्या टेबलावर पैसे मोजण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. कॉम्बिनेशन कुठल्या तारखेपर्यंत बदलून मिळते आणि तो अर्ज कुणाकडे द्यायचा. फी एका वर्षाची की दोन वर्षांची, आणि सोडल्यास किती परत. दुसरे कुठले कॉम्बिनेशन याच कॉलेजात आहे, कारण कॉलेज बदलायचे झाले की मूळ टीसीसाठी पुन्हा हेलपाटे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पालकांनी प्रॅक्टिकल किती वाजता सुटते आणि शेवटची बस किती वाजता आहे हेही विचारावे. मुलींचा प्रवास शक्ती योजनेमुळे २०२३ पासून फुकट झाला, पण बसची वेळ त्यामुळे बदललेली नाही, आणि बस चुकते म्हणून प्रॅक्टिकल बुडवणारे मूल ३० गुणांच्या प्रॅक्टिकलमध्ये मागे पडते. तारखेचे उत्तर कॉलेजने तोंडी दिले तर ते लेखी मागावे. लेखी द्यायला तयार नसलेल्या कॉलेजात बदलाची सोय नाही असे धरून चालावे, आणि मग कॉम्बिनेशन निवडताना मुलाची उडी जिथवर नक्की पोचते तिथवरच मारावी.